माझी सही मागे घेतेय, आमच्या गल्लीतल्या सप्तपर्णी तोडू नका: उद्यान विभागाला खुलं पत्र

मा. उद्यान अधीक्षक साहेब आणि वृक्ष प्राधिकरणाचे सगळे सदस्य,
सप्रेम नमस्कार.

परवा सकाळी दूध आणायला खाली उतरले तर गल्लीतल्या सप्तपर्णींवर तुमच्या नोटिसा दिसल्या. १४ झाडं, १४ कागद. "नागरिकांच्या तक्रारीवरून" असं लिहिलंय आणि खाली, हरकत असल्यास सात दिवसांत कळवा. तर साहेब, हरकत आहे. आता घोळ असा आहे की ज्या तक्रारीवरून हे सगळं चाललंय त्या कागदावर ११ नंबरला माझीच सही आहे, दिवाळीनंतरच्या आठवड्यात केलेली, एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात रुमाल धरून. ती सही मी या पत्रानं मागे घेतेय. का केली होती आणि का मागे घेतेय, दोन्ही सांगते, थोडं लांबेल, पण झाडं पण २४ वर्षांची आहेत, एवढा वेळ त्यांना द्यायला हरकत नाही.

आधी हे मान्य करते की त्रास खोटा नाही. ऑक्टोबर लागला, पाऊस गेला, की आमच्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर जो वास सुटतो तो ज्यांच्या घरासमोर सप्तपर्णी नाही त्यांना सांगून कळणार नाही. लांबून गोड वाटतो, पहिले दोन दिवस "आहा, काय मस्त" असं पाहुणे म्हणतात, तिसऱ्या दिवशी डोकं धरतं. माझी खिडकी सातव्या झाडासमोर दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे फुलांचे गुच्छ थेट ग्रिलमधून आत डोकावतात. जुन्या संस्कृत कवींनी या वासाची तुलना माजावर आलेल्या हत्तीच्या मदाशी केलीय म्हणे. मी हत्तीजवळ कधी गेले नाही पण बेडरूममध्ये महिनाभर हत्ती बांधल्यासारखं वाटतं हे खरं.

आणि मग दुसरा हप्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये. झाडभर चवळीसारख्या लांब बारीक शेंगा जोडीजोडीनं लोंबत असतात, ऊन तापलं की त्या उकलतात आणि म्हाताऱ्या उडायला लागतात. लहानपणी रुईची म्हातारी पकडायला आम्ही रानभर धावायचो, इथे म्हातारी स्वतः घरात येते, येताना दोनशे मैत्रिणींना घेऊन येते. रुईच्या बीला एकाच टोकाला शेंडी असते, हिला दोन्ही टोकांना केसांचा झुपका, त्यामुळे चिकटते पण दुप्पट. डासांच्या जाळीला, कूलरच्या गवताला, वाळत घातलेल्या काळ्या पँटला. गाडीच्या वायपरखाली तर नुसता गालिचा होतो.

गेल्या वर्षी सासूबाईंनी कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवा, वाटा, चीक काढा, पहाटे उठून तो शिजवा, मग सोऱ्यानं गच्चीवर प्लॅस्टिकवर घाला, सगळी मेहनत त्यांची, मी फक्त डबे उचलायला. सकाळी दहापर्यंत सगळं छान होतं. अकरा वाजता वारा सुटला. दुपारी गच्चीवर गेलो तर प्रत्येक कुरडईला दाढी आलेली. ओल्या चिकावर बसलेला तो पांढरा केस निघत नाही हो, ओढला तर कुरडई तुटते आणि ठेवला तर तळताना करपतो. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त झाडाकडे बघितलं. त्यांची सही १२ नंबरला आहे.

तर असं सगळं. मग मागे का घेतेय?

डिसेंबरमध्ये माझा खोकला एवढा वाढला की शेवटी ॲलर्जीवाल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हातावर थेंब थेंब टाकून टोचायची ती टेस्ट केली. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, डॉक्टर, सप्तपर्णी आहे, बाकी काही बघूच नका. वीस मिनिटांनी हातावर तीन गांधी उठल्या होत्या. एक धुळीतल्या माइटची, म्हणजे गादी-उशीत राहणारे ते डोळ्याला न दिसणारे बारीक जीव. एक झुरळाची (लाज वाटली, पण खरं सांगतेय). आणि तिसरी, सगळ्यात मोठी, रुपयाएवढी, गाजर गवताची.

गाजर गवत! म्हणजे ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो ते. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं म्हणतात, पन्नासच्या दशकात पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि मग सगळ्या देशात पसरलं. एका रोपाला हजारो बिया येतात. आणि साहेब, हे गवत आमच्या गल्लीत कुठे आहे माहितीये? गल्लीच्या टोकाला जो मोकळा प्लॉट आहे, "खेळाच्या मैदानासाठी आरक्षित" असा तुमचाच गंजलेला बोर्ड असलेला, तिथे. पावसाळ्यात उगवतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात कमरेएवढं होऊन पांढरं फुलतं, म्हणजे बरोबर सप्तपर्णी फुलते तेव्हाच. सप्तपर्णीला वास आहे म्हणून ती पकडली गेली. गाजर गवत गुपचूप काम करतं, त्याचं नाव कुणी घेत नाही. मी रोज सकाळी त्या प्लॉटच्या कडेनं चालायला जायचे, शुद्ध हवा म्हणून!

डॉक्टरांनी मग जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. ज्या झाडांची फुलं रंग-वास घेऊन किडे-पतंगांना बोलावतात त्यांचे पराग सहसा जड आणि चिकट असतात, ते किड्याच्या अंगाला चिकटून जायचे असतात, वाऱ्यावर लांब जायचे नसतात. सप्तपर्णी त्यातली, तिचा वास रात्री सुटतो तो रात्री उडणाऱ्यांसाठी, आपल्यासाठी नाहीच. ॲलर्जीचं खरं काम वाऱ्यावर पराग सोडणारी मंडळी जास्त करतात आणि त्यांची फुलं बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही येत नाहीत, गवतं आहेत, एरंड आहे, सुरू आहे, आपला वावळ आहे. वावळ जानेवारी-फेब्रुवारीत पानं झडल्यावर फुलतो आणि मार्चमध्ये त्याच्या गोल कागदी चकत्या रस्ताभर उडतात, त्या आम्ही लहानपणी सोलून आतलं बी खायचो, आणि ॲलर्जीच्या यादीत त्याचं नाव चांगलं वर आहे. माझ्या हाताला वावळाची गांधी आली नाही, नशीब.

याचा अर्थ सप्तपर्णी अगदी धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणत नाहीये. ज्याला दमा आहे त्याला कुठलाही उग्र वास त्रास देऊ शकतो, मग ती अगरबत्ती असो, फोडणी असो की सप्तपर्णी. झाडाच्या अगदी खाली राहणाऱ्याला परागांचाही होत असेल. पण मार्चमध्ये जे उडतं ते पराग नाहीतच, ते बियांचे केस आहेत. नाकात गेले तर शिंक येणार, डोळ्यात गेले तर पाणी येणार, पण ती ॲलर्जी नव्हे. जे डोळ्याला दिसतंय त्याला आपण शिव्या देतो आणि जे दिसत नाही ते छातीत जाऊन बसतं, एवढी साधी गोष्ट मला ४६व्या वर्षी हातावर टोचून घेतल्यावर कळली.

हे फक्त आमच्या सोसायटीचं नाही बरं का. काश्मीरला मे महिन्यात गेलेल्या कुणालाही विचारा, तिथे पॉपलरचा कापूस बर्फासारखा उडत असतो. लोक त्याला रशियन पॉपलर म्हणतात पण झाड मूळचं अमेरिकेचं, लवकर वाढतं, सफरचंदाच्या पेट्यांना लाकूड मिळतं म्हणून लावलं. कापूस फक्त मादी झाडांचा उडतो. लोकांना खोकला-सर्दी झाली, तक्रारी झाल्या, २०१५ मध्ये तिथल्या हायकोर्टानं मादी झाडं तोडायचा आदेश दिला आणि हजारो झाडं पडली. तिथलेही डॉक्टर सांगत होते की कापूस म्हणजे पराग नाही, त्याच दिवसांत गवतं आणि इतर झाडांचे पराग हवेत असतात. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीनं पुन्हा कुऱ्हाडी बाहेर निघाल्या. आपल्याकडे तेच व्हायला नको.

आता तुमच्याकडे येते साहेब, राग मानू नका. माझं आजोळ कोकणातलं. तिथे या झाडाला सातवीण म्हणतात. गावाबाहेर रानाच्या कडेला एक होती, एकच, आणि शरदात संध्याकाळी तिकडून वारा आला की आजी म्हणायची, सातवीण फुलली, आता थंडी येणार. तिच्या सालीचा कडूजहर काढा तापाला द्यायचे, मी एकदा घेतलाय, परत ताप आलाच नाही, भीतीनंच. पण त्या वासानं तेव्हा कुणाचं डोकं दुखल्याचं आठवत नाही. एक सातवीण अर्धा मैल लांब असेल तर तो सीझन असतो. दहा-दहा फुटांवर १४ लावल्या, त्याही २० फुटी गल्लीत दोन्हीकडे चार मजली बिल्डिंगांच्या मधे, की वासाला बाहेर जायला जागाच उरत नाही. आमची गल्ली म्हणजे अत्तराची बाटली झालीय आणि झाकण लावलंय तुम्ही.

का लावली तेही समजू शकते. बारा महिने हिरवी, सरळ वाढते, धूर-धूळ सोसते, आणि पानं तोडली की पांढरा कडू चीक, त्यामुळे गाई-बकऱ्या तोंड लावत नाहीत, म्हणजे कुंपणाचा खर्च वाचला. ठेकेदाराला यापेक्षा सोयीचं झाड कुठलं? म्हणून आमच्या गल्लीत तीच, शेजारच्या रोडवर तीच, दुभाजकात तीच, बागेच्या कडेनं पण तीच. एकाच जातीची रांग लावली की सगळी एकाच आठवड्यात फुलणार आणि एकाच आठवड्यात उडणार, याला वेगळं सांगायला तज्ज्ञ लागत नाही. झाडाचं काय चुकलं यात?

आणि सगळंच पडतं हो झाडाखाली. बी विंगमधले काका म्हणतात त्याऐवजी "स्वच्छ झाड" लावा. असं कुठलं झाड आहे मला दाखवाच. जांभूळ लावलं तर पार्किंगमध्ये जांभळे डाग, रेन ट्रीच्या शेंगा चपलेला चिकटतात, पेल्टोफोरमखाली उभी केलेली गाडी संध्याकाळी पिवळी, उंबराखाली तर विचारूच नका, वर वटवाघळं आणि खाली चिखल. बकुळ म्हणाल तर फुलं पडतात ती आपण वेचतो म्हणून चालतं. काकांना जे हवंय ते झाड प्लॅस्टिकचं मिळतं, हॉटेलच्या लॉबीत असतं.

मला जे हवंय ते तोडणं नाही, कामं आहेत, आणि ती तुमच्याच खात्याची आहेत. शेंगा डिसेंबर-जानेवारीत हिरव्या असतात तेव्हाच त्या शिडीच्या गाडीनं उतरवून घ्या, निदान खिडक्यांच्या बाजूच्या, म्हणजे मार्चमध्ये उडायला अर्ध्याच उरतील. ती गाडी मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीला येतेच ना, आणि येते तेव्हा तारांच्या बाजूच्या फांद्या सपासप उतरवून झाड एका अंगाला वाकडं करून जाते, तेवढंच डिझेल जानेवारीत जाळा. छाटणी करणाऱ्याला एकदा कुणीतरी झाडाचा तोल म्हणजे काय ते पण शिकवा.

त्या आरक्षित प्लॉटवरचं गाजर गवत जुलैमध्ये, फुलायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटून घ्या. हातमोजे देऊन. गेल्या वर्षी तुम्ही ते कापलं, पण ऑक्टोबरमध्ये, भर फुलात, आणि कापून तिथेच टाकलं, म्हणजे पेरणीच केली की. ते खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ पासून आपल्या देशात सोडलेला आहे, पावसाळ्यात तो फुकटात काम करतो, आणि टाकळा दाट उगवला की गाजर गवताला जागा मिळत नाही हेही लोकांनी बघितलंय. टाकळा निदान भाजीला तरी होतो. अर्थात त्या प्लॉटवर मैदान झालं तर या सगळ्याची गरजच नाही, मुलं धावतील तिथे कसलं गवत टिकणार, पण तो विषय वेगळा आणि तुमच्या टेबलावरचा नाही हे मला माहितीये.

झाडणाऱ्या ताईंबद्दल तर मला खरंच बोलायचंय. मार्चमध्ये सकाळी साडेसहाला दोघीजणी ते सगळं कोरड्या खराट्यानं ढकलत असतात, तोंडाला पदर, कापूस पुढे जातो आणि वाऱ्यानं परत मागे येतो. तक्रारीवर आमच्या ३८ सह्या आहेत, त्यांना कुणी विचारलंच नाही की तुम्हाला काय त्रास होतो. मी विचारलं. एकजण म्हणाली, "म्हातारीचं काय नाही ओ ताई, ती उडून जाती. धूर नको वाटतो." धूर म्हणजे कोपऱ्यावर पालापाचोळा पेटवतात तो. गोळा केलेला पाला उचलायला टेम्पो आला नाही की कुणीतरी काडी लावतं, आणि त्या धुरानं ज्या रात्री मला इन्हेलर दोनदा घ्यावा लागला ती रात्र काही सप्तपर्णीच्या सीझनची नव्हती, जानेवारीतली होती. त्यांना चांगले मास्क द्या, सकाळी जरा पाणी मारून मग झाडू द्या, आणि टेम्पो वेळेवर पाठवा. आमच्या सोसायटीत कंपोस्टचा खड्डा करायला मी जागा मिळवून देते, सेक्रेटरींशी भांडून.

शिवाय हिशोब बघा. शहरातल्या झाडांसाठीच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये जो बदल झाला त्यानुसार तोडलेल्या झाडाचं वय जितकी वर्षं तितकी नवीन झाडं लावायची. १४ झाडं, प्रत्येकी २४ वर्षं, म्हणजे ३३६ रोपं. कुठे लावणार? आमच्या वॉर्डात ३३६ स्कूटर लावायला जागा नाहीये. मग ती लागणार शहराबाहेरच्या कुठल्या तरी टेकडीवर, पावसाळ्यात फोटो काढून, आणि मे महिन्यात आमच्या गल्लीत दुपारी दोन वाजता सावली म्हणून बघायला गेलं तर वायफायचा खांब. इस्त्रीवाल्याची गाडी तिसऱ्या झाडाखाली १५ वर्षं उभी आहे, तो कुठे जाणार हेही नोटिशीत लिहायला पाहिजे होतं.

नवीन लावायचीच असतील तर मधल्या ज्या चार जागा रिकाम्या आहेत तिथे लावा, पण कृपा करून आता वेगवेगळी लावा. एक ताम्हण लावा, आपलं राज्यफूल आहे, शहरात शोधावं लागतं. एक बहावा, एक करंज, एक बकुळ. वेगवेगळ्या महिन्यात फुलतील, वेगवेगळा कचरा पाडतील, भांडणं पण वर्षभर वाटून होतील. आणि सप्तपर्णी म्हातारी होऊन एकेक गेली तर तिच्या जागी परत सप्तपर्णी लावू नका. १४ मधल्या दोन-तीन राहिल्या की आजीच्या गावासारखा वास येईल, तेवढा पुरे.

माझ्या सोसायटीतल्या सही केलेल्या बाकी ३७ जणांना हे पत्र आजच ग्रुपवर टाकतेय, मला माहितीये दुपारपर्यंत काय काय येणार आहे. "तुम्हाला झाडाचं पडलंय, आमच्या आईच्या दम्याचं काय?" अहो काका, माझ्याही पर्समध्ये इन्हेलर आहे. आईंची टेस्ट करून घ्या एकदा, सप्तपर्णीची गांधी आली तर मी स्वतः येऊन तुमच्या खिडकीसमोरच्या फांद्या उतरवण्याच्या अर्जावर सही करते. फांद्यांच्या. झाडाच्या नाही.

कुठेतरी वाचलं होतं, बंगालमध्ये हे राज्यवृक्ष आहे, तिथे त्याला छातिम म्हणतात, आणि शांतिनिकेतनात पदवीदानाच्या वेळी विद्यार्थ्यांच्या हातात सप्तपर्णीची पानं द्यायचे. शास्त्रीय नावात (Alstonia scholaris) पण शाळा आहे, पूर्वी तिच्या लाकडाच्या पाट्या करायचे म्हणून. असं झाड, आणि आपण त्याला काय दिलं तर कारणे दाखवा नोटीस.

सासूबाईंनी यंदा कुरडया खाली हॉलमध्ये पंख्याखाली वाळवल्या. म्हणाल्या, उन्हाची चव नाही येत, पण असू दे. त्यांची १२ नंबरची सही मागे घ्यायची का ते त्या अजून ठरवतायत, मी आग्रह केलेला नाही, त्यांच्या कुरडया होत्या. माझी ११ नंबरची मात्र आजपासून धरू नका.

कळावे,
सातव्या झाडासमोरच्या खिडकीतली एक नागरिक

ता. क. नोटिसा खिळ्यांनी ठोकल्यात, एका कागदाला चार, म्हणजे १४ झाडांना ५६ खिळे. निर्णय काहीही झाला तरी ते काढायला माणूस पाठवा. सातव्या झाडाचे चार मी पक्कडीनं काढलेत, चीक अजून गळतोय, कागद माझ्याकडे जपून ठेवलाय, हवा असेल तर घेऊन जा.